तंजावरचे सरफोजीराजे : सोन्याचा वर्ख आणि शाईचे वैभव

पोलादपूर (आमच्या प्रतिनिधीकडून) : महाड-पोलादपूरचा परिसर म्हटला की शिवछत्रपतींचा रायगड, उमरठ येथील नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आणि समर्थांची शिवथरघळ ही स्थळे चटकन डोळ्यांपुढे येतात. याच पोलादपूर गावात आणखी एक समाधी आहे. महामार्गाने जाणाऱ्या पर्यटकांचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ही समाधी कवींद्र परमानंद यांची. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांचे चरित्र संस्कृत काव्यात गुंफणाऱ्या या कवीचा ‘शिवभारत’ हा ग्रंथ आज इतिहासाचे एक प्रमुख साधन मानला जातो. परंतु त्याची हस्तलिखिते कोकणात किंवा देशावर नव्हे, तर कावेरीकाठच्या तंजावरात, सरस्वती महाल या ग्रंथालयात जपली गेली. या ग्रंथालयाला ज्यांनी खरे वैभव मिळवून दिले ते तंजावरचे राजे सरफोजी भोसले (दुसरे). सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या ज्या ‘तंजावर चित्रां’ना जगभर मान आहे, त्या चित्रकलेचा बहरही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे.

सरफोजीराजांच्या जन्माला २०२७ मध्ये २५० वर्षे पूर्ण होतात. ज्या राजाच्या हाती राज्य उरले नव्हते, त्याने आपल्या हयातीत काय कमावले आणि काय मागे ठेवले, हे जाणून घेणे रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनाही अगत्याचे वाटावे.

कावेरीकाठचे भोसले

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरची गादी मिळवली. त्याआधी तेथे नायक राजांची सत्ता होती. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि अल्पावधीतच भोसल्यांची दुसरी गादी दक्षिणेत उभी राहिली. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची भेट झाली. पुढे दोन्ही घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण भाषा एकच राहिली. तमीळ मुलखात, तेलुगू आणि संस्कृत पंडितांच्या सहवासात, तंजावरच्या दरबाराने मराठी आणि मोडी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे टिकवून धरली.

या घराण्यातील तुळजाजी राजे १७८७ मध्ये निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळाच्याच एका शाखेतील मुलगा दत्तक घेतला. २४ सप्टेंबर १७७७ रोजी जन्मलेला हा मुलगा म्हणजेच सरफोजी. त्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी या दत्तकविधानाला हरकत घेतली. पंडितांची मते मागवण्यात आली, ती प्रतिकूल पडली आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंगांनाच गादीवर बसवले. दत्तक गेलेल्या मुलाच्या वाट्याला राजवाड्यातील कोंडवाडा आला. ना शिक्षण, ना मोकळी हवा, अशी त्यांची अवस्था झाली होती.

अशा वेळी त्यांच्या मदतीला धावून आले ते श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी. अनेक वर्षे दक्षिणेत राहिलेल्या श्वार्ट्झना तमीळ उत्तम येत असे. तुळजाजींनी मृत्यूपूर्वी या मुलाला त्यांच्या हवाली केले होते. श्वार्ट्झ यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे सतत पाठपुरावा केला, मुलाची कोंडी फोडली आणि १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलवले. तेथे सरफोजींचे रीतसर शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल, निसर्गविज्ञान यांची गोडी त्यांना याच काळात लागली. पुढे दत्तकाचा प्रश्न पुन्हा उकरला गेला, आधीचा निकाल फिरला आणि १७९८ मध्ये सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. दुर्दैव असे की, त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ यांचे निधन झाले होते. शिष्याचा राज्यारोहण सोहळा त्यांना पाहता आला नाही.

गादी मिळाली, राज्य गेले

गादी मिळाली खरी, परंतु तिची किंमत मोठी होती. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये सरफोजींनी राज्याचा सारा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा अल्प परिसर. त्याबदल्यात दरसाल एक लाख होन आणि मुलखाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळावा, असे ठरले. ज्याला इंग्रज पागोडा म्हणत, तेच मराठ्यांचे सोन्याचे नाणे होन. रायगडावर महाराजांनी पाडलेले ‘शिवराई होन’ स्वराज्याच्या सार्वभौमत्वाची खूण होते. सव्वाशे वर्षांनी त्याच कुळातील राजाला होन मिळू लागले ते मात्र तनखा म्हणून.

अशा स्थितीत अनेक संस्थानिकांनी शिकार, नाच-गाणी आणि कर्ज यांत आयुष्य घालवले. सरफोजींनी वेगळी वाट धरली. फौज, न्याय आणि वसुली ही कामे हातून गेली होती. ग्रंथ, औषधे, चित्रे, संगीत, शाळा आणि अन्नछत्रे एवढेच क्षेत्र मोकळे होते. तेच त्यांनी आपले राज्य मानले, असे म्हणावे लागेल.

फणसाची फळी, चिंचोक्याची खळ

तंजावरची सुवर्णचित्रे हा त्यांतील सर्वांत झगझगीत भाग. या शैलीची मुळे विजयनगरच्या चित्रपरंपरेत सापडतात. १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाल्यावर कलावंतांची पांगापांग झाली, त्यांतील काही घराणी तंजावरच्या नायकांच्या आश्रयाला आली आणि पुढे मराठा राजांनी त्यांना आधार दिला. सरफोजींच्या काळात या चित्रांना आज आपण पाहतो ते रूप प्राप्त झाले.

हे काम चिकाटीचे आहे. फणसाच्या लाकडाची फळी घेऊन तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने किंवा डिंकाने कापड चिकटवतात. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचा लेप देऊन पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला जातो. नंतर रेखाटन होते. देवाचा मुकुट, दागिने, महिरप, वस्त्रांचे काठ हे भाग लेपाने उठावदार करतात, त्यांत काचेचे खडे बसवतात आणि त्यावर सोन्याचा वर्ख दाबून बसवतात. रंग भरण्याचे काम सर्वांत शेवटी होते. बाळकृष्ण, रामपट्टाभिषेक, गजलक्ष्मी हे या चित्रांचे नेहमीचे विषय. देवघराच्या मंद उजेडात समईची ज्योत हलली की सोन्याचा उठाव जिवंत वाटू लागतो. तेथे सोने केवळ श्रीमंतीच्या प्रदर्शनासाठी नसते, अंधाऱ्या गाभाऱ्यात उजेड परतवण्याचे कामही ते करते.

लघुचित्रांत सोन्याचा वापर निराळ्या पद्धतीने होतो. तेथे वर्ख चिकटवण्याऐवजी तो मध, मीठ किंवा डिंकाबरोबर तासन्‌तास खलतात, पाण्याने धुऊन घेतात आणि उरलेली बारीक पूड डिंकाच्या पाण्यात कालवून केसासारख्या कुंचल्याने लावतात. वाळल्यावर अकीक दगडाने घोटले की ती चकाकते. चांदी मिसळली तर सोन्याची छटा फिकट होते, तांबे मिसळले तर लालसर. सोने ठोकून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके पातळ करता येते, म्हणूनच इतक्या महाग धातूने चित्र रंगवणे शक्य झाले.

सोन्याला पर्याय किती?

तरीही सोने ते सोनेच. ज्याच्या पदरी राजा नाही, त्या चित्रकाराने काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे एक उत्तर आपल्या भाषेतच दडलेले आहे. कथिलाच्या पातळ, चकचकीत पत्र्याला मराठीत बेगड म्हणतात. त्यावर पिवळसर रोगण चढवले की दुरून तो सोन्यासारखा भासतो. खोट्या, दिखाऊ गोष्टीला आपण बेगडी म्हणतो, तो शब्द यातूनच आला. कथिल चांदीप्रमाणे काळे पडत नाही हा त्याचा गुण, तर रोगण झिजले की आतला पांढरेपणा उघडा पडतो हा दोष.

दुसरा पर्याय हरताळाचा. हे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळेधमक खनिज. हस्तलिखितांतील चुका झाकण्यासाठी ते फासत, म्हणून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. त्याला सोन्याची झाक असली, तरी ते विषारी आहे आणि शिसे किंवा तांबे असलेल्या रंगांशी त्याचे जमत नाही. कथिल आणि गंधक यांच्या संयोगातून सोनेरी पूड तयार करण्याची कृती मध्ययुगीन युरोपातील चित्रकारांना ठाऊक होती. तीही दिसायला सोनेरी, पण तिला धातूची खरी चकाकी नाही.

पुढे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचा, म्हणजे पितळेचाच, वर्ख आणि पूड बाजारात आली. आज सोनेरी रंग म्हणून जो सर्रास मिळतो, तो बहुतेकदा हाच असतो. पेणच्या गणेशमूर्तींनी हा रंग घराघरांत पोहोचवला. बाप्पाचा मुकुट, बाजूबंद, सोंडपट्टी यांवरचा सोनेरी हात मूर्तीला उठाव देतो. तांब्यामुळे हा रंग हवा व दमटपणाने कालांतराने तपकिरी किंवा हिरवट पडतो, पण दहा दिवसांत विसर्जित होणाऱ्या मूर्तीला त्याची बाधा होत नाही. शंभर वर्षे टिकावे अशा अपेक्षेने काढलेल्या चित्राचे मात्र तसे नाही. डिंकात कालवलेली पितळेची पूड लवकर काळवंडते. तिचे कण जाड असल्याने बारीक रेघ तुटक उमटते आणि अकिकाने कितीही घोटले तरी ती सोन्यासारखी एकजीव होत नाही. कोकणच्या पावसाळी हवेत तर हा दोष अधिक लवकर उघड होतो.

विसाव्या शतकात अभ्रकावर टायटॅनियम आणि लोह यांच्या ऑक्साइडचा थर देऊन बनवलेले सोनेरी रंग आले. त्यांत तांबे नसल्याने ते काळे पडत नाहीत. लघुचित्र काढणाऱ्यांसाठी स्वस्त पर्यायांपैकी हाच त्यातल्या त्यात भरवशाचा. मात्र त्यांची चमक मोत्यासारखी असते, धातूसारखी नसते. खाली गेरूचा अथवा पिवळ्या मातीचा हात दिला, तर ती उणीव बरीचशी झाकली जाते. सोन्याखाली पिवळा किंवा लाल थर देण्याची जुन्या कारागिरांची रीत येथेही उपयोगी पडते.

तंजावरच्या कारागिरांनी आणखी एक युक्ती योजली. काचेच्या मागील बाजूने उलटे चित्र काढायचे, दागिन्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या आणि त्यांच्यामागे चकचकीत पत्रा लावायचा. समोरून पाहता दागिने झळकतात, फळी लागत नाही, उठावाचे काम वाचते. अशी काचचित्रे सामान्यांच्या घरी पोहोचली. राजवाड्यातील देव गरिबाच्या भिंतीवर आला तो बेगडाच्या आधाराने, हे विसरता येणार नाही.

सोन्यावाचून चित्रे

सरफोजींचे वेगळेपण असे की, त्यांच्या चित्रकारांनी सोन्याचा लवलेश नसलेली चित्रेही तितक्याच निगुतीने काढली. पशु, पक्षी, वनस्पती यांची हुबेहूब चित्रे त्यांनी काढवून घेतली. अशा चित्रांचा एक संग्रह त्यांनी आपले स्नेही व तंजावरचे रेसिडेंट राहिलेले बेंजामिन टोरिन यांना भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. राजवाड्यातील धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा अभ्यास चाले. तेथील नेत्ररोग्यांच्या नोंदी उपलब्ध असून, त्यांत रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. देवाच्या मुकुटावर सोने चढवणाऱ्या नगरीत, सामान्य रुग्णाच्या बुबुळावरील पडदा जसाच्या तसा रंगवला जात होता. येथे वर्खाचा उपयोग नव्हता. डोळ्यांना जे दिसते ते प्रामाणिकपणे उतरवणे, हीच त्या कामाची किंमत होती.

ज्ञानाचा हा व्यासंग अनेक अंगांनी बहरला. सरफोजींनी ‘नवविद्याकलानिधी’ ही शाळा काढली. देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू केला आणि इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून घेतला. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रण रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. जगाचा भूगोल सांगणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ ही नृत्यनाटिका त्यांनी मराठीत रचली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. हा विस्तीर्ण शिलालेख आजही तेथे वाचता येतो. ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने उभारलेल्या छत्रात वाटसरूंना अन्न आणि मुलांना शिक्षण मिळत असे. आपले गुरू श्वार्ट्झ यांचे स्मारक त्यांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरात घडवून घेतले. मात्र गुरूचा धर्म त्यांनी स्वीकारला नाही आणि गुरूनेही त्यावरून अंतर दिले नव्हते.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे सरस्वती महाल. हे ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचे. सरफोजींनी त्यात हजारोंची भर घातली. युरोपातून छापील पुस्तके मागवली, पंडितांना गावोगाव धाडून पोथ्यांच्या नकला करवल्या. १८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले, तेव्हाही वाटेत ग्रंथसंग्रह चालूच होता. संस्कृत, तमीळ, तेलुगू, मराठी आणि मोडी कागदपत्रांचे हे भांडार भारतातील प्रमुख हस्तलिखित संग्रहांपैकी एक मानले जाते.

वर्ख उडाला, पोथी उरली

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले आणि कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. चित्रकारांचा आश्रय तुटला. श्रीमंत व्यापाऱ्यांनी काही काळ त्यांना हात दिला, परंतु शतकाच्या अखेरीस छापील देवचित्रांचा सुळसुळाट झाला आणि हाताने मढवलेल्या चित्रांची मागणी घटली. ज्यांनी हा व्यवसाय सोडला नाही, त्यांना स्वस्त पत्रा आणि सोनेरी पूड यांची कास धरावी लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेला पुन्हा मागणी आली. पुढे तंजावर चित्रांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. आज अस्सल सोन्याच्या वर्खाची आणि नकली पत्र्याची अशी दोन्ही प्रकारची चित्रे बाजारात असतात. घेताना दोन्ही सारखीच झळकतात, फरक कळतो तो काही वर्षांनी.

नकली वर्ख वापरणाऱ्या कारागिराला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या कलेच्या मागे राजाश्रय नाही, तिला पर्याय शोधल्याशिवाय जगता येत नाही. खोटेपणा पर्याय वापरण्यात नसून तो लपवण्यात आहे. चित्राच्या मागे कोणता धातू वापरला हे स्पष्ट लिहिलेले असेल, तर घेणाऱ्याची फसवणूक होत नाही आणि कारागिराचा मानही राहतो.

सरफोजींच्या ग्रंथालयाचे नशीब मात्र चांगले होते. गादी खालसा होऊनही पोथ्यांची वाताहत झाली नाही आणि १९१८ मध्ये हे ग्रंथालय जनतेसाठी खुले झाले. त्यानंतर महाराष्ट्रातील अभ्यासकांना तेथे ‘शिवभारता’च्या प्रती हाती लागल्या. सदाशिव महादेव दिवेकर यांनी मराठी भाषांतरासह सिद्ध केलेला हा ग्रंथ १९२७ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला. ३१ अध्याय पूर्ण आणि ३२ वा अपुरा, अशा स्वरूपात तो आपल्यापर्यंत पोहोचला आहे. अफझलखान वधापासून कोकणातील मोहिमांपर्यंतच्या अनेक घटनांसाठी इतिहासकार आजही त्याचा आधार घेतात.

पोलादपुरात विसावलेल्या कवीचे शब्द सुमारे अडीचशे वर्षे तंजावरने सांभाळले. त्या पोथीला सोन्याचा वर्ख नव्हता, कागद आणि शाई एवढेच तिचे भांडवल होते. रायगडाच्या वाटेवर असलेल्यांनी पोलादपूरला थोडा वेळ थांबून परमानंदांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि त्या वेळी कावेरीकाठच्या या भोसले राजाचेही स्मरण करावे.